बंदुकीच्या कपाटाची किल्ली घरात कशी ठेवायची? नवीन लायसन्सवाल्यांसाठी, नाशिकहून

दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला घर भरलेलं होतं आणि माझा नऊ वर्षांचा भाचा स्वयंपाकघरातून हातात पितळी किल्ली घेऊन बाहेर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, ही बंदुकीच्या कपाटाची ना?" किल्ली तांदळाच्या डब्यात असायची, दुधाच्या पिशवीत गुंडाळून, रबर लावून. मला वाटायचं हे फक्त मला आणि आईलाच माहीत आहे. त्याला जवळ बसवून विचारलं तुला कसं कळलं रे, तर म्हणाला आजी तांदूळ काढताना ती पिशवी दर वेळी ओट्यावर ठेवते, मी बघितलंय. त्याने कपाट उघडलं नव्हतं, पण ते उघडायला त्याला लागलं असतं फार तर एक मिनिट. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कपाट चांगलं जाड पत्र्याचं, भिंतीला बोल्ट मारलेलं, त्यावर वीस हजाराच्या वर खर्च केलेला आणि त्याची किल्ली तांदळात! त्यानंतर मी हे सगळं नीट बसवलं, त्यात चुका पण झाल्या, पैसे पण वाया गेले. आपल्या जिल्ह्यात दिंडोरी, निफाड, सिन्नरकडे मळ्यात राहणाऱ्यांकडे, देवळालीच्या माजी सैनिकांकडे बऱ्याच जणांकडे लायसन्सची हत्यारं आहेत, आता वारसाहक्काने पोरांच्या नावावर येतायत, आणि लायसन्स कसं काढायचं हे सगळे सांगतात पण किल्लीचं कोणीच सांगत नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी कायद्याचं थोडक्यात. १९५९ चा आर्म्स ॲक्ट आणि २०१६ चे आर्म्स रूल्स यावर सगळं चालतं. लायसन्सच्या अर्जासोबत आपण हत्यार सुरक्षित ठेवू असं हमीपत्र देतो, बरेच जण ते न वाचताच सही करतात. त्यात जे लिहून दिलंय ते पाळलं नाही तर लायसन्स सस्पेंड किंवा रद्द होऊ शकतं. नाशिक शहरात लायसन्सचं काम पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात चालतं, काही शंका असली तर तिथेच विचारा.

काय काय लागेल

- आकडे फिरवायची, भिंतीत बसणारी की-सेफ, म्हणजे किल्ली ठेवायची छोटी लोखंडी पेटी (मला तेराशेला पडली)
- हॅमर ड्रिल आणि पेटीच्या भोकांत बसतील तसे अँकर फास्टनर. ड्रिल शेजाऱ्याकडून आणलं तरी चालतं पण भोकं स्वतः मारा
- काडतुसांसाठी वेगळी कुलूपवाली लोखंडी पेटी
- जाड कागदाचे दोन पाकीट, लाख किंवा रुंद चिकटपट्टी
- कपाटाच्या कुलपाच्या सगळ्या किल्ल्या, जेवढ्या आल्या होत्या तेवढ्या
- लायसन्सची झेरॉक्स, हत्याराचा नंबर आणि कपाटाचं बिल, सगळं एका फाईलला

१. किल्ली कुणाची हे आधी ठरवा

उत्तर एकच आहे, ज्याच्या नावावर लायसन्स त्याची. बायकोची नाही, मोठ्या भावाची नाही, मळ्यातल्या गड्याची तर नाहीच नाही. लोक म्हणतात घरातलेच तर आहेत. पण सुप्रीम कोर्टाने १९७२ च्या एका निकालात सांगितलंय की ताबा म्हणजे वस्तू हातातच असली पाहिजे असं नाही, माहीत असून त्या वस्तूवर नियंत्रण असणं हाही ताबाच धरला जातो. आता कपाटाच्या किल्लीपेक्षा वेगळं नियंत्रण काय असतं? तुम्ही प्रेमाने किंवा सोयीसाठी किल्ली दुसऱ्याकडे ठेवता आणि उद्या काही झालं तर त्या बिचाऱ्यालाही प्रश्नांना तोंड द्यावं लागतं.

माझ्याकडे ही पायरी सगळ्यात अवघड गेली. बंदूक नानांची, म्हणजे वडिलांची, बारा बोअरची दुनळी. रूल्सप्रमाणे लायसन्सधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असलं, यातलं जे आधी होईल त्यानंतर तो हत्यार वारसाच्या नावावर करायला वारसाचं नाव लायसन्ससाठी पुढे करू शकतो, तसं आम्ही केलं. लायसन्स माझ्या नावावर झालं, पण किल्ली? ती नानांच्या करदोट्याला. पंचवीस-तीस वर्षं तिथेच, अंघोळीला पण तिथेच. मी मागितली नाही, त्यांनी दिली नाही, मग आईने मध्यममार्ग म्हणून ती तांदळाच्या डब्यात ठेवली आणि दोघांची पण सोय झाली असं आम्ही सगळेच समजून चाललो.

भाच्याच्या प्रकारानंतर मी नानांजवळ बसलो आणि म्हणालो, नाना, उद्या कोणी विचारलं किल्ली कुणाकडे असते, तर तुमचं नाव यायला नको, लायसन्स आता तुमचं नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून आत गेले, आणि अजून एक किल्ली घेऊन आले. करदोट्याला ती अजून होतीच, तांदळातली दुसरी होती. अडकित्त्याने दोरा तोडून त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. तेव्हा मला कळलं की घरात किल्ल्या किती आहेत हे मी कधी मोजलंच नव्हतं.

म्हणून पहिलं काम, मोजा. जुनं कपाट असेल तर किती किल्ल्या आल्या होत्या हे घरातल्या प्रत्येकाला विचारा, वयस्कर माणसांना आवर्जून विचारा आणि चढ्या आवाजात नका विचारू. हिशेब लागत नसेल तर सरळ कुलूपच बदला.

२. "गुपित" जागा सोडून द्या

देव्हाऱ्याखाली, गणपतीच्या फोटोमागे, पिठाच्या नाहीतर तांदळाच्या डब्यात, साडीच्या घडीत, गादीखाली, घड्याळामागे, कपाटाच्या वर, मीटरच्या पेटीत, तुळशीवृंदावनात. तुम्ही आत्ता वाचताना मनात म्हणालात ना, अरे आपली पण इथेच आहे? मग चोराला पण ती इथेच मिळणार, तो पण असल्याच घरात वाढलाय. आणि लहान पोरांचं तर विचारूच नका, घरात मोठ्यांना जेवढं दिसत नाही तेवढं त्यांना दिसतं, कारण ते दिवसभर आपल्याकडेच बघत असतात.

लपवणं वेगळं आणि कुलपात ठेवणं वेगळं. लपवलेली वस्तू एकदा दिसली की संपलं, आणि तुम्हाला कळत पण नाही की ती कोणी बघितली.

गाडीच्या जुडग्यात पण नको. गाडी सर्व्हिसिंगला देताना आपण अख्खा जुडगा देऊन मोकळे होतो.

३. की-सेफ घेताना बघून घ्या

इथे मी पैसे घालवले म्हणून सविस्तर सांगतो. पहिल्यांदा मी बटणवाली मेकॅनिकल पेटी आणली, दहा बटणं, चार आकडी कोड. घरी आणून खेळता खेळता लक्षात आलं की १-४-७-९ दाबा नाहीतर ९-७-४-१ दाबा, उघडतेच. म्हणजे ह्या प्रकारात आकड्यांचा क्रम चालतच नाही, कोणती बटणं दाबली एवढंच मोजलं जातं. दहातून चार बटणं निवडायचे प्रकार होतात फक्त २१०. एखादं चिकाटीचं पोरगं उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी सगळे करून बघेल. शिवाय वापरून वापरून तीच चार बटणं गुळगुळीत होतात, मग तर २१० पण करायला नकोत.

दुसऱ्यांदा चार चाकं फिरवायची पेटी घेतली. त्यात ०००० पासून ९९९९ पर्यंत १०,००० प्रकार होतात. ही घ्या. दुकानात दोन्ही ठेवलेल्या असतात आणि दुकानदार बटणवालीच पुढे करतो कारण ती दिसायला भारी असते, तर तिथेच उलट्या क्रमाने आकडे दाबून बघा.

डिजिटल तिजोरी छोटी घ्यायची का असं बरेच जण विचारतात. घेऊ शकता, पण तिला बॅटरी संपल्यावर उघडायची इमर्जन्सी किल्ली येते, मग ती किल्ली कुठे ठेवणार, परत तांदळात? फिंगरप्रिंटवाली मला तरी जमली नाही, बागेत फवारणी आणि छाटणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, आमच्याकडे रेशनच्या मशीनवर पण अंगठा उमटत नाही. आणि झोपलेल्या माणसाचं बोट पोरं सहज लावू शकतात हे पण ध्यानात घ्या.

४. बसवायची कुठे

बंदुकीचं कपाट ज्या खोलीत आहे त्या खोलीत नको. मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, कपड्याच्या कपाटाच्या आतल्या बाजूला जिथे मागे पक्की भिंत असेल तिथे बसवा, म्हणजे दार उघडल्याशिवाय दिसत नाही आणि खिडकीतून पण दिसत नाही. घराबाहेर, गेटजवळ, जिन्यात वगैरे अजिबात नको, ह्या पेट्या मुळात बाहेरच लावण्यासाठी विकतात पण आपलं काम वेगळं आहे.

विटांची किंवा काँक्रीटची भिंत उत्तम. नवीन बिल्डिंगांमध्ये, पाथर्डी फाटा, गंगापूर रोडकडे वगैरे, बऱ्याच भिंती पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या असतात, त्यात साधा फास्टनर फिरत राहतो आणि पेटी हाताने उपटून येते. तिथे ब्लॉकसाठीचेच लांब फास्टनर मागा नाहीतर कॉलम शोधून त्यावर बसवा. पीओपी आणि प्लायवर तर बसवूच नका. बसवल्यावर दोन्ही हातांनी धरून जोरात ओढून बघा, हलली तर पुन्हा करा.

सुतार, इलेक्ट्रिशियन बोलवायची गरज नाही. घरातल्यांना पेटी दिसणारच, ती काय आहे हे लपवू नका, पण कोड कोणाला सांगू नका.

५. कोड

जन्मतारीख, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर, घर नंबर, मोबाईलचे शेवटचे चार, १२३४, आणि आपल्याकडे सगळ्यांचा आवडता ७८६ नाहीतर १०८, हे सगळं बाद. कंपनीने दिलेला कोड तर पहिल्याच दिवशी बदला.

मी कोड वर्षातून दोनदा बदलतो, एकदा एप्रिल छाटणीला आणि एकदा ऑक्टोबर छाटणीला. द्राक्षबागायतदाराला ह्या दोन तारखा विसरायच्या म्हटलं तरी विसरता येत नाहीत, तुमची बाग नसेल तर पाडवा आणि दसरा धरा. कोड कागदावर नाही, मोबाईलच्या नोट्समध्ये नाही, "तिजोरी" नावाच्या कॉन्टॅक्टमध्ये तर नाहीच.

एक सवय लावून घ्या, पेटी बंद केली की चारही चाकं फिरवा. बहुतेक लोक फक्त शेवटचं चाक एक-दोन आकडे सरकवतात. मग दुसऱ्या माणसाला फक्त तेवढंच मागे आणायचं राहतं.

६. दुसरी किल्ली

कपाटाला साधारण दोन किल्ल्या येतात. दुसरी घरात नको. पाकिटात घाला, तोंड चिकटवून त्यावर सही आणि तारीख टाका, वरून पट्टी लावा आणि तुमच्या स्वतःच्या नावाच्या बँक लॉकरमध्ये ठेवा, नॉमिनी लावलेला असू द्या. वर्षातून एकदा लॉकरला गेलात की सही तुटली नाही ना एवढं बघा. लॉकरमध्ये किल्ली चालते, पण बंदूक किंवा काडतुसं चालत नाहीत, लॉकरच्या करारातच ते मना केलेलं असतं. एकाने मला आपुलकीने तसा सल्ला दिला होता म्हणून सांगतोय.

तिसरी किल्ली बनवूच नका. रस्त्यावरच्या किल्लीवाल्याकडे तर नेऊच नका. किल्लीवर नंबर कोरलेला असेल तर तो पण जपा, काही कंपन्यांच्या किल्ल्या नंबरवरून बनवता येतात. आणि किल्लीचा फोटो व्हॉट्सॲपवर कधी टाकू नका, नुसत्या फोटोवरून दातांचं माप काढून किल्ली बनवता येते.

७. एकच किल्ली सगळ्यावर नको

समजा सगळं करूनही किल्ली कोणाच्या हाती लागलीच, तर कपाटात काय मिळालं पाहिजे? अर्धी बंदूक. दुनळी तीन भागांत सुटते, नळ्या, नळ्यांखालचा लाकडी भाग आणि दस्ता. मी तो मधला लाकडी भाग काडतुसांच्या पेटीत ठेवतो, वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. रायफलवाल्यांनी बोल्ट, म्हणजे गोळी भरताना मागेपुढे सरकवतात तो भाग, काढून तसाच वेगळा ठेवावा. हात बसला की एक मिनिटाचं काम आहे. कपाटात ठेवताना दर वेळी नळी उघडून डोळ्याने बघायचं आणि बोटाने पण चाचपायचं, रिकामी आहे ना. नानांनी मला हे शाळेत असताना शिकवलं आणि ते अजूनही दारात उभे राहून मी करतो का ते बघतात.

काडतुसांच्या पेटीची किल्ली बंदुकीच्या किल्लीबरोबर त्याच की-सेफमध्ये ठेवली तर सगळ्यावर पाणी पडलं. ती तुमच्या अंगावर ठेवा किंवा तिला आकडी कुलूपच घ्या, कोड वेगळा.

पोराची नेमबाजीची एअर रायफल असेल, ४.५ एमएमची आणि २० ज्यूलपर्यंतची, तर तिला लायसन्स लागत नाही, पण डोळा जायला ती पुरते. ती पण कुलपातच.

८. पाहुणे, कामगार आणि मुक्काम

घरात रंगकाम, फर्निचर, लग्न असेल तेव्हा रोज रात्री एकदा पेटी उघडून किल्ली जागेवर आहे ना बघा. २०२७ च्या सिंहस्थाला तर आपल्याकडे ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे सगळे उतरणार, पंचवटी भागातल्यांनी ह्याचा विचार आत्ताच करून ठेवा.

द्राक्ष काढणीत आम्ही दीड-दोन महिने मळ्यावर असतो, शहरातलं घर बंद. तेव्हा किल्ली घरात नाहीच ठेवायची, सोबत घ्यायची, बंद घरात चोराला वेळच वेळ असतो, पेटी पण तो कापू शकतो. जास्त दिवस बाहेरगावी जायचं असेल तर लायसन्सधारक डीलरकडे, म्हणजे हत्यारांच्या दुकानदाराकडे, हत्यार सेफ कस्टडीत ठेवा, पावती घ्या, पावतीवर हत्याराचा नंबर बरोबर लिहिलाय ना तिथेच वाचा. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार पोलीस स्टेशनला जमा करायची नोटीस आली तर त्या काळात पण किल्लीची जागा बदलू नका, रिकामं कपाट आहे म्हणून उघडं टाकलं की सवय मोडते.

९. किल्ली हरवली तर

दुसरी किल्ली आहे म्हणून निवांत राहू नका. त्याच दिवशी लॉकरमधून दुसरी काढून कपाट उघडा, हत्यार आणि काडतुसं मोजा, आणि कुलूप बदला. डुप्लिकेट नाही, कुलूपच. तोपर्यंत बंदूक डीलरकडे नेऊन ठेवली तर अजून चांगलं. हत्यार किंवा एक जरी काडतूस कमी दिसलं तर जवळच्या पोलीस स्टेशनला लगेच कळवायचं, "आधी घरात शोधून बघू" असं म्हणत दोन दिवस घालवायचे नाहीत. घरफोडी झालेली दिसली तर आत न जाता ११२ ला फोन करा.

१०. घरातलं कोणी खचलेलं असेल तर

हे लिहिताना जड जातंय पण लिहिलंच पाहिजे. गारपिटीत बाग गेली, कर्ज आहे, लग्न मोडलं, परीक्षेत नापास, घरात कोणी गप्प गप्प झालंय, जेवत नाही, नीट झोपत नाही, असं दिसलं तर किल्ली कुठे ठेवायची हा प्रश्न नसतोच, बंदूकच घरात नको. आणि तो माणूस तुम्ही स्वतः पण असू शकता, कोड तर तुम्हालाच माहीत आहे. डीलरकडे किंवा पोलीस स्टेशनला विचारून ती काही महिन्यांसाठी जमा करा, कारण सांगायला लाजू नका, कारण सांगितलं नाही तरी चालतं. कठीण वेळ बरेचदा थोड्या काळाची असते आणि तेवढ्या काळात ती वस्तू हाताशी नसली की माणूस वाचतो. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आमच्या गावात असा एक प्रसंग येता येता राहिला, कारण त्याच्या भावाने आठ दिवस आधी बंदूक नेऊन जमा केली होती. तो माणूस आज बाग बघतोय.

११. मागे राहणाऱ्यांसाठी एक चिठ्ठी

आपल्याला काही झालं तर बायको-पोरं काय करणार? लायसन्सधारक गेला की ते हत्यार घरात नुसतं पडून ठेवता येत नाही, आर्म्स ॲक्टच्या कलम २१ प्रमाणे ते जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सधारक डीलरकडे जमा करावं लागतं, आणि वारसाच्या नावे लायसन्सचं काम त्यानंतर. घरच्यांना हे माहीत नसतं, दुःखात कोणाला सुचत पण नाही, आणि महिने निघून जातात.

म्हणून दुसऱ्या पाकिटात एक चिठ्ठी घालून ती घरच्या फाईलला लावा. माझ्या चिठ्ठीत एवढंच आहे: कपाट उघडू नका, कोणाला उघडू देऊ नका. आधी पोलीस स्टेशनला फोन करा आणि लायसन्सवर लिहिलेलं हत्यार घरात आहे असं सांगा. किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये आहे, बँकेचं नाव अमुक, ती काढाल तेव्हा पोलीस नाहीतर डीलर समोर असू द्या. जमा केल्याची पावती ह्याच फाईलला लावा. कोड चिठ्ठीत लिहिलेला नाही, तो लागणार पण नाही.

बायकोला ती चिठ्ठी मी एकदा मोठ्याने वाचून दाखवली. तिने दोन प्रश्न विचारले, फोन कोणत्या स्टेशनला आणि डीलरचा नंबर काय, ते दोन्ही मी लिहायलाच विसरलो होतो. तुमच्या चिठ्ठीत ते आधीच लिहा.